लेकीचे शिखर, आईचा डोंगर

आमच्या गावाच्या नावात 'हिम' आहे, एवढाच काय तो आमचा आणि बर्फाचा संबंध! नांदेड जिल्ह्यातले हिमायतनगर हे आमचे गाव. मूळ नाव वाढोणा. परमेश्वराच्या देवस्थानामुळे जुनी मंडळी अजूनही ते नाव सोडीत नाहीत. निजामी अमदानीत गावाला हे फारसी वळणाचे नाव मिळाले. 'हिमायत' म्हणजे कैवार, पाठराखण. परंतु पुण्या-मुंबईकडच्या एखाद्या पाहुण्याला हे ठाऊक नसते. "वा! हिमायतनगर! म्हणजे थंड हवेचे ठिकाण दिसते," असे म्हणून तो मे महिन्यात उतरतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ओल्या टॉवेलात डोके गुंडाळून परतीच्या गाडीची चौकशी करू लागतो.

अशा गावच्या मराठीच्या प्राध्यापकाने बर्फातल्या शिखरावर लेख लिहावा, हे ऐकून आपण हसाल. हसा. पण लेख शेवटपर्यंत वाचा.

आमची कन्या पुण्यास शिकते. वय वर्षे एकोणीस. गेल्या दिवाळीच्या सुटीत घरी आली असताना चकलीचा तुकडा मोडता मोडता तिने जाहीर केले, "बाबा, मी जानेवारीत औलीला चालले आहे. स्कीइंग शिकायला. चौदा दिवसांचा वर्ग आहे."

स्कीइंग म्हणजे पायांना लांबलचक पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचे, हे तिने आईला समजावून सांगितले. त्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "घसरायला एवढ्या लांब कशाला जायला हवं? पावसाळ्यात आपल्या अंगणातलं शेवाळ काय कमी आहे?"

पण पोरीने पैसे भरलेले होते. शेवटी तह असा झाला की ती जाईल, परंतु वर्गाच्या अखेरच्या दिवसांत आम्ही उभयता तिला आणावयास जाऊ. "तेवढंच बद्रीनाथाच्या वाटेवर पाऊल पडेल," ही सौभाग्यवतींची पुरवणी. हिवाळ्यात बद्रीनाथाची कवाडे बंद असतात, हे मी त्यांना हरिद्वार आल्यावर सांगितले.

नांदेडहून दिल्ली, दिल्लीहून हरिद्वार आणि तिथून सबंध दिवस मोटारीने गंगेच्या कडेकडेने वर. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग. एकेक संगम मागे पडत जातो, नदी अरुंद होत जाते आणि माणसाचा आवाज आपोआप लहान होतो. रात्री जोशीमठास पोहोचलो. आद्य शंकराचार्यांच्या मठाचे हे गाव. जानेवारी २०२३ मध्ये इथली जमीन खचू लागली, शेकडो घरांना भेगा पडल्या, कित्येक कुटुंबांना राहती घरे सोडावी लागली आणि औलीस जाणारा चार किलोमीटरचा दोरमार्गही बंद ठेवावा लागला. ज्यांच्या आधाराने माणसे शतकानुशतके राहिली, ते डोंगरही आपल्या ओझ्याखाली दमतात, हे तिथल्या भिंती पाहून कळते. आम्ही जीपने वर गेलो.

औली म्हणजे साडेआठ ते दहा हजार फूट उंचीवरचे उतरते कुरण. उन्हाळ्यात गवत, हिवाळ्यात बर्फ. भारत-तिबेट सीमा पोलिसांचे जवान इथे बर्फातले शिक्षण घेत आले आहेत. २०११ च्या जानेवारीत दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांतल्या बर्फावरच्या शर्यती इथेच झाल्या. आम्ही पोहोचलो तेव्हा उतारावर रंगीबेरंगी कपड्यांची शेकडो पोरे घसरत होती, पडत होती, हसत होती. त्यातली आपली कोणती हे ओळखण्याची आईबापांची धडपड चालली होती. मी तासभर जिच्याकडे कौतुकाने पाहत होतो, ती लुधियानाची कोणी मुलगी निघाली.

मग मी नजर वर केली, आणि ती दिसली.

पुढल्या सगळ्या रांगांच्या मागे, कोणाशी स्पर्धा न करता उभे असलेले एक धीरगंभीर शिखर. नंदादेवी. उंची ७,८१६ मीटर, म्हणजे साडेपंचवीस हजार फुटांहून अधिक. भारतात हिच्याहून उंच फक्त कांचनगंगा, आणि ती नेपाळच्या सीमेवर. संपूर्णपणे आपल्याच भूमीत उभे असलेले सर्वांत उंच शिखर हेच. हिला लागूनच नंदादेवी पूर्व हे दुसरे शिखर आहे. तिथले लोक त्याला सुनंदा म्हणतात. दोघी बहिणी एका धारेने जोडलेल्या आहेत.

उताराच्या कडेला एका गढवाली आजींची चहाची टपरी होती. चहा उकळताना हात लोकर विणीत असत. त्यांची हिंदी पहाडी आणि माझी हिंदी निजामी. माझे 'हौ' आणि 'नक्को' ऐकून त्यांना हसू आवरेना. पण सकाळचा पहिला चहा गाळण्यापूर्वी त्या शिखराकडे वळून हात जोडीत, ते पाहून मी विचारले, "माताजी, रोज पाहून कंटाळा येत नाही?"

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "लेकीचं तोंड पाहून कुणाला कंटाळा येतो का?"

ही गोष्ट मला नवीन होती. आपल्याकडे देवी म्हटली की ती आई. गढवाळात नंदा ही लेक आहे. साऱ्या गढवाळाची, कुमाऊँचीही. पार्वतीच ती. शंकराशी लग्न होऊन दूर कैलासावर सासरी गेलेली. सासर कसे? तर बर्फाचे, निर्जन, आणि नवरा अंगाला राख फासणारा. माहेरच्या बायकांचा जीव तिच्यासाठी तुटतो. आपल्याकडे जिला माहेरवाशीण म्हणतात, तिला तिथे 'ध्याण' म्हणतात. नंदा ही सगळ्यांची ध्याण.

दर बारा वर्षांनी तिची मोठी पाठवणी निघते. तिला राजजात म्हणतात. कर्णप्रयागजवळच्या नौटी गावातून निघालेली ही यात्रा सुमारे २८० किलोमीटर चालून होमकुंडास जाते. पुढे चालतो चार शिंगांचा मेंढा. त्याच्या पाठीवर लेकीसाठी दिलेली शिदोरी आणि भेटवस्तू. गावागावांतून बायका निरोपाची गाणी म्हणतात, अक्षरशः रडतात, शेतातली काकडी, मक्याची कणसे, पोहे नंदेला वाटेसाठी देतात. होमकुंडाशी त्या मेंढ्याला मोकळे सोडतात. तो एकटा बर्फाकडे निघून जातो आणि माणसे रिकाम्या हातांनी परततात. २००० साली अशी जात निघाली होती, त्यानंतर २०१४ साली.

आणि याची तिथी कोणती? भाद्रपद शुद्ध अष्टमीच्या सुमारास नंदेचा उत्सव असतो. हे ऐकताच सौभाग्यवती चमकून म्हणाल्या, "अहो, मग या तर आपल्या महालक्ष्म्याच!" खरेच की! मराठवाड्यात ज्यांना महालक्ष्म्या आणि इतरत्र ज्यांना गौरी म्हणतात, त्या ज्येष्ठा-कनिष्ठा त्याच दिवसांत आपल्या घरी माहेरपणाला येतात. इथे आपण सोळा भाज्या रांधून लेकीला जेवू घालतो, आणि तिकडे त्याच पंधरवड्यात डोंगरातल्या बाया लेकीला पोहे बांधून देऊन वेशीपर्यंत पोहोचवतात. एकीकडे येणे, एकीकडे जाणे, नाते एकच. शेकडो कोसांवरच्या त्या टपरीत माझ्या बायकोला एकदम आपल्या घरी आल्यासारखे वाटले. तिने आजींच्या हातातली लोकर घेऊन दोन ओळी विणूनही टाकल्या.

तथापि या लेकीचा स्वभाव मोठा मानी. तिच्याभोवती शिखरांचा असा कोट आहे की कित्येक वर्षे कोणाला तिच्या पायाशीही जाता आले नाही. १९३४ साली शिप्टन आणि टिलमन या दोघा इंग्रजांनी तीन शेरपांसह ऋषिगंगेच्या भयंकर घळीतून आत जाण्याची वाट शोधली. पुढे २९ ऑगस्ट १९३६ रोजी टिलमन आणि ओडेल माथ्यावर पोहोचले. माणसाने त्यापूर्वी इतक्या उंच शिखराचा माथा गाठला नव्हता. तो विक्रम १९५० मध्ये अन्नपूर्णेवर फ्रेंच चढले तोवर टिकला. १९६५ साली, चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी, अमेरिकन आणि भारतीय हेरखात्यांनी मिळून या शिखरावर अणुशक्तीवर चालणारे यंत्र बसवायला घेतले. वादळामुळे ते वाटेतच ठेवून परतावे लागले, आणि पुन्हा जाऊन पाहतात तो यंत्र नाहीसे! १९७४ नंतर गिर्यारोहकांची एवढी रीघ लागली आणि एवढा केरकचरा साचला की १९८२ मध्ये तो सारा प्रदेश राष्ट्रीय उद्यान ठरवून पुढे शिखराच्या वाटा बंद करण्यात आल्या. १९८८ मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला.

हे सारे आम्हाला सांगितले ते पोरीच्या शिक्षकांनी. आणि बोलता बोलता त्यांनी जी हकीकत सांगितली, तिने माझी झोप उडवली.

विली अनसोल्ड नावाचा एक अमेरिकन गिर्यारोहक होता. १९६३ मध्ये एव्हरेस्टच्या पश्चिम धारेने चढून गेलेल्या दोघांपैकी एक. तरुणपणी त्याने नंदादेवी पाहिली आणि तिच्यावर तो असा मोहित झाला की आपल्याला मुलगी झाली तर तिचे नाव हेच ठेवायचे, असे त्याने ठरविले. मुलगी झाली. नाव ठेवले नंदादेवी. ही मुलगी मोठी झाली आणि १९७६ साली बापाबरोबर आपल्या नावाच्या शिखरावर चढावयास आली. अगदी वरच्या तळावर ती आजारी पडली आणि तिथेच, वयाच्या बाविसाव्या वर्षी, बापाच्या डोळ्यांदेखत गेली. बापाने तिला त्या शिखराच्याच बर्फात निरोप दिला.

शिक्षक हे सांगत होते, आणि माझी मुलगी डोळे विस्फारून ऐकत होती. नेमके त्याच संध्याकाळी तिने सांगितले, "बाबा, मला पुढं उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत प्राथमिक वर्ग करायचा आहे."

मी म्हणालो, "मुळीच नाही."

ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. समोर सूर्य मावळत होता. पुढच्या रांगा काळवंडल्या, दुनागिरी विझला आणि सर्वांत मागे नंदादेवीचा माथा मात्र गुलालाच्या चिमटीसारखा कितीतरी वेळ तांबडा राहिला. घसरणारी पोरे निघून गेली होती. टपरीवाल्या आजी भांडी विसळीत होत्या. त्यांनी सहज विचारले, "गुरुजी, तुमच्या मुलुखात अशी देवी कुठल्या डोंगरावर बसते?"

"माहूरला," मी म्हणालो. "रेणुकामाता. साडेतीन पीठांपैकी एक. आमच्याच जिल्ह्यात."

"मग संध्याकाळी तिचा डोंगर कसा दिसतो? आधी कुठली बाजू लाल होते?"

वाचकहो, मला उत्तर देता येईना. जावळ माहूरला झाले, लग्नानंतरचे दर्शन माहूरला झाले, पोरीचे जावळही तिथेच. पंचवीसेक वेळा तरी मी तो डोंगर चढलो असेन. पण डोंगर पाहायला कधी गेलोच नव्हतो! दर वेळी रांगेत पुढच्या माणसाच्या पाठीकडे आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत चढलो, नारळ फोडला, तांबूल घेतला आणि शेवटची एस. टी. गाठली. दहा हजार फुटांवर एका परक्या बाईपुढे मी खाली मान घातली.

परत आल्यावर फाल्गुनात एके दिवशी आम्ही दोघेच निघालो. किनवटपर्यंत आगगाडी, पुढे मोटार. सागवानाचे जंगल पानगळीने उघडे पडले होते आणि मध्येच पळस पेटलेला. हा रस्ताही मी पहिल्यांदाच पाहत होतो म्हणा ना!

माहूरला तीन डोंगर एकमेकांच्या सोबतीने उभे आहेत. एकावर रेणुका, दुसऱ्यावर दत्तात्रेय, तिसऱ्यावर दत्ताची आई अनसूया. समोर जुना किल्ला, आणि खाली वळसा घेऊन जाणारी पैनगंगा. पलीकडे विदर्भ सुरू होतो. उंचीने हे डोंगर नंदादेवीच्या पहिल्या पायरीलाही पुरणार नाहीत. रेणुकेच्या देवळास दोन-अडीचशे पायऱ्या, झाले. पण आमच्या महाविद्यालयातल्या भूगोलाच्या प्राध्यापकांनी मला निघताना एक गोष्ट सांगून ठेवली होती. मराठवाड्याचा हा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हिमालय त्यानंतर, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भूखंडांची टक्कर झाल्यावर वर येऊ लागला आणि अजून वाढतोच आहे. म्हणजे आपला डोंगर वडील आणि हिमालय धाकटा! नंदा लेक असणे आणि रेणुका आई असणे, हे लोकांनी भूगर्भशास्त्र न शिकताच कसे नेमके ठरविले!

त्या दिवशी आम्ही दत्तशिखरावर संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. वीस वर्षे मी मुलांना दासोपंत शिकवीत आलो. सुमारे चाळीस फूट लांब कापडावर 'पासोडी' लिहिणारा हा सोळाव्या शतकातला कवी. त्याने याच माहुरात बारा वर्षे अनुष्ठान केले, अशी परंपरा आहे. महानुभावांचा पाठ घेतानाही माहूर येतेच, कारण दत्तात्रेय हे त्यांच्या पंचकृष्णांतले एक. विष्णुदासांची रेणुकेवरची पदे तर आमच्या घरी आई म्हणत असे. उंबरखिंडीत १६६१ साली शिवाजी महाराजांपुढे मोगली फौजेतून आलेली ती शूर रायबागन, तीही माहूरच्या देशमुखांच्या घरची. हे सगळे मी फळ्यावर कितीदा लिहिले. पण ही माणसे ज्या डोंगरावरून सूर्यास्त पाहत होती, तो डोंगर कधी डोळे भरून पाहिला नव्हता.

आणि पाहिले ते असे. आधी पैनगंगेचे पात्र पितळेसारखे झाले. मग किल्ल्याची तटबंदी लाल झाली. जंगल करडे, मग जांभळे झाले. शेवटी देवळाचा कळस तेवढा उजळ राहिला. बर्फ नव्हता, भव्यता नव्हती. पण दिवेलागणीला आई देवघरात उभी असावी तसे काहीतरी होते. माझ्या कोपऱ्याएवढ्या मुलुखाला हे रोज संध्याकाळी मिळत होते, आणि मी बस पकडीत होतो.

अंधार पडता पडता सौभाग्यवतींनी परशुरामाची गोष्ट काढली. आपल्या सर्वांना ती ठाऊक आहे. आई गेल्यावर परशुराम तिच्यासाठी आक्रोश करू लागला. तेव्हा आकाशवाणी झाली, की तुझी आई डोंगरातून प्रकट होईल, मात्र मागे वळून पाहू नकोस. त्याला धीर धरवला नाही. त्याने वळून पाहिले, आणि आईचे मुख तेवढे वर आले होते, तेवढेच राहिले. म्हणून माहूरला देवीचा मुखवटाच आहे, पूर्ण मूर्ती नाही.

"प्रेमच होतं हो त्याचं," ती म्हणाली. "पण उतावळं. राहू दिलं असतं थोडं, तर पूर्ण आली असती."

मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने तीच पुढे म्हणाली, "लेक धरून ठेवता येत असती, तर त्या गढवालच्या बायांनी नंदेला कधीच वेशीबाहेर जाऊ दिलं नसतं. त्या रडतात, पण पोहे बांधून देतात."

मला तो अमेरिकन बाप आठवला. त्याची मुलगी गेली हे खरे. ते दुःख कोणत्याही तत्त्वज्ञानाने हलके होत नाही, आणि माझी भीतीही अजून गेलेली नाही, हे कबूल करतो. पण भीतीपोटी मी माझ्या पोरीकडे पाहत होतो, ते पाहणे परशुरामाचे होते. पुरती उभी राहण्याआधीच मी वळून पाहिले असते, तर ती अर्धीच राहिली असती. देवळातून निघताना पुजाऱ्यांनी कुटलेल्या विड्याचा तांबूल हातावर ठेवला. खाली उतरलो आणि पुण्यास फोन लावला. म्हणालो, "अर्ज भर. आणि पायांत चांगले बूट घे." पलीकडे बराच वेळ कोणी बोलेना. मग "बाबा!" एवढेच ऐकू आले.

यंदा महालक्ष्म्यांना ती घरी आली होती. पूजेला दोघी उभ्या केल्या, तेव्हा तिने एकीला नंदा आणि दुसरीला सुनंदा म्हणून हाक मारली. आजूबाजूच्या बाया हसल्या. मग तिने त्यांना सगळी गोष्ट सांगितली. तेव्हा कोणी हसले नाही.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरोघर पणत्या लागलेल्या असतील. आमच्या घरी लागतील, पण त्या लावायला लेक नसेल. ती उत्तरकाशीला दोर आणि गाठी शिकत असेल. जाताना तिच्या आईने डबा बांधून दिला. त्यात लाडू, शेव, आणि आवर्जून पोह्यांचा चिवडा. स्टेशनावर गाडी हलली तेव्हा मी खांबाआड उभा राहिलो. वळून पाहिले ते तिनेच, आणि हात हलवला.

भाऊबीज झाली की आम्ही दोघे पुन्हा माहूरला जाणार आहोत. कामाला नव्हे, नवसाला नव्हे, संध्याकाळ पाहायला. आपल्याही गावाजवळ एखादा डोंगर असेलच. असे म्हणतो मी कारण महाराष्ट्रात तो नसलेले गाव विरळा. या सुटीत मुलाबाळांना घेऊन एकदा त्याच्यासमोर निवांत बसा, आणि आधी कुठली बाजू लाल होते ते पाहून ठेवा. कोणी विचारले, तर आपल्याला उत्तर देता यायला हवे.